वीज गेली की रेडिओ स्वच्छ का लागतो?

गेवराईत परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर लावली आणि हवामानाचा अंदाज खरखरीत बुडाला, तर दोष केंद्राचाच असेल असे नाही. घरातले एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर तपासा. त्यांतले सर्किट वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. त्यातून उठणाऱ्या लहरी मीडियम वेव्हपर्यंत पोहोचतात आणि घरातले वायरिंगच त्यांची अँटेना बनते. हा गोंगाट अडवणारा फिल्टर स्वस्त मालात अनेकदा नसतोच. एफएमला हा त्रास कमी होतो.

ओळखायचे कसे? रेडिओ सेलवर लावा आणि मेन स्विच बंद करा. खरखर थांबली, तर मूळ घरातच आहे. मग एकेक उपकरण सुरू करा. ज्याने खरखर परतेल ते बदला. तोवर रेडिओ वायरींपासून दूर ठेवा.