थर्मोस्टॅट बिघडला तर अंड्यांचे काय?

पनवेल परिसरात जमीन उकरली, जुन्या दगडांची रास हलवली की उन्हाळ्याच्या अखेरीस कधी धामणीची, कधी नागाची अंडी उघडी पडतात आणि सर्पमित्राला बोलावणे जाते. अंडी जागेवरच झाकून ठेवणे हा पहिला उपाय. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणेसुद्धा शिकारीत मोडते. पण समोर जेसीबी उभा असेल, तर वन विभागाच्या परवानगीने अंडी उबवणी पेटीत हलवण्यावाचून गत्यंतर नसते. ही पेटी घरीच बनते: थर्मोकोलचा खोका, ओलसर कोकोपीट, एक बल्ब आणि बाजारातला थर्मोस्टॅट. हा थर्मोस्टॅट घेताना आधी किंमत पाहिली जाते, मग पडद्यावर दशांश दिसतो का ते. खरे तर तो बिघडल्यावर आत काय होईल, हे आधी विचारायला हवे.

याचे कारण अंड्यांच्या स्वभावात आहे. धामण, नाग यांची अंडी साधारण २८ ते ३० अंशांत सुमारे दोन महिन्यांत उबतात. पारा दोन अंशांनी उतरला तर पिल्ले उशिरा निघतात, एवढेच. पण तो काही तास ३६-३७ वर राहिला तर गर्भ मरू शकतो किंवा पिल्लू वाकड्या कण्याचे निघू शकते. म्हणजे धोका थंडीपेक्षा उष्णतेचा जास्त. स्वस्त थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे बल्ब चालू-बंद करणारा स्विच, नेमका याच बाजूला दगा देतो. त्याची टोके चिकटली की बल्ब जळतच राहतो आणि पडद्यावरचा वाढता आकडा पाहायला रात्री कोणी जागे नसते. म्हणून बल्ब किंवा हीटिंग पॅड मुळातच कमी वॅटचा हवा आणि त्याच्या वायरवर ३२ अंशांना वीज तोडणारा दुसरा, स्वतंत्र थर्मोस्टॅट हवा. सेन्सर बल्बजवळ न ठेवता अंड्यांच्या शेजारी ठेवावा. तो खरे सांगतो का, हे बर्फाचा चुरा कालवलेल्या पाण्यात बुडवून पाहता येते. तिथे शून्य दिसले पाहिजे. शिवाय पनवेलच्या मे महिन्यात पत्र्याखालची खोलीच पस्तिशी गाठते. तिथे फक्त तापवणारी पेटी हतबल ठरते; ती थंड खोलीत हलवावी लागते.

कोंबडीची अंडी उबवणारे तयार यंत्र का वापरू नये, असे कोणी विचारील. ते ३७.५ अंशांवर चालते आणि अंडी फिरवते. सापाच्या अंड्यात गर्भ कवचाला चिकटलेला असल्याने तेवढे फिरवणेही घातक ठरते. निसर्गात कुठे थर्मोस्टॅट असतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेळासच्या समुद्रकिनारी २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणातल्या वाळूत उबवून दाखवली आहेत, तीही बल्बशिवाय. पण तिथे उष्णता सांभाळणारी वाळू खोलवर असते, तर हलक्या थर्मोकोलच्या खोक्यात ती धारणाशक्ती नसते. म्हणून पाण्याने भरलेल्या बाटल्या आत ठेवाव्यात. पावसाळ्यात वीज गेली तरी त्यांच्यामुळे पारा सावकाश उतरतो. दोन थर्मोस्टॅट म्हणजे दुप्पट खर्च, ही तक्रारही टिकत नाही. दुसऱ्याची किंमत काहीशे रुपये असते.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. २०२२ च्या दुरुस्तीने नाग आणि धामण दोन्ही पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या रांगेत बसवले. तेव्हा अंडी हलवण्याची परवानगी देताना वन विभागाने पेटीही तपासावी: उष्णता तोडणारी दुसरी सोय आहे का, वीज परतल्यावर ठरवलेले तापमान तसेच राहते का, सेन्सर पडताळला आहे का. ही तपासणी दहा मिनिटांत होते आणि ती नसेल तर परवानगीचा कागद अंड्यांच्या काही कामाचा नाही.