उर्दू कागद, मराठी वाचनालय

सगळं नेटवर आहे, मग वाचनालय कशाला, असं विचारणाऱ्यांनी तिथे एकदा पिशोर शोधून पाहावं. हवामान मिळेल, पिनकोड मिळेल. गावाने काय लिहून ठेवलं ते मिळेल का?

उर्दू शायरीची मला फिकीर नाही. 2013 पासून 'रेख्ता'ने हजारो किताबं संकेतस्थळावर आणली. पण दिल्लीकडची मंडळी सिराज औरंगाबादीचा दीवान शोधतील; कन्नड तालुक्यातले सारापावत्या आणि निकाहनामे शोधायला ती कशाला येतील?

2023 साल आठवा. कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत निजामकाळची दफ्तरं उघडली. कागद उर्दूत आणि मोडीत! मग वाचणाऱ्यांची शोधाशोध. 1948 पर्यंत इथला सरकारी कारभार उर्दूत चालायचा, हे आपण सगळेच सोयीस्करपणे विसरलो होतो. ज्या लिपीला परकी म्हणून हिणवलं, तिच्यात मराठा शेतकऱ्याचा पणजोबा सापडला.

तरीही मराठी वाचनालयाला उर्दू कागद 'त्यांचा' वाटतो. आणि आपले लोक? अंजुमनच्या कपाटाला कुलूप, किल्ली सदरसाहेबांकडे, आत वाळवी. याला हिफाजत म्हणत नाहीत.

ग्रंथालय कायदा 1967 चा. वर्ग अ, ब, क, ड. पुस्तकं किती, वर्तमानपत्रं किती, यावर अनुदान. गावचे कागद किती राखले, हाही रकाना त्यात हवा. नुसता संगणक मांडून 'डिजिटल' पाटी लावणं हा तर निव्वळ देखावा आहे.

एकट्या वाचनालयाला हे झेपणार नाही, कबूल. म्हणूनच तालुक्यातल्या वाचनालयांनी एकत्र यावं. एकाने स्कॅनर घ्यावा, दुसऱ्याने यादी सांभाळावी, वाचायला आम्ही उर्दू शाळेचे शिक्षक आहोत. हाताने लिहिलेलं नस्तालिक संगणकाला अजून धड वाचता येत नाही. नाव, गाव, साल माणसानेच टंकायचं, उर्दूत आणि देवनागरीत, म्हणजे मराठी शाळेतल्या पोरालाही ते सापडेल. सालातही फसगत आहे: फसली 1350 म्हणजे इसवी 1940-41. हे जाणणारे बुजुर्ग आता थोडे उरलेत, त्यांना आजच शेजारी बसवायला हवं.

कागद हातचे जातील, ही घरोघरची भीती खोटी नाही. मूळ कागद घरचाच राहील, घरधन्याने नको म्हटलं तर नेटवर जाणार नाही. वाचनालयाने छायाचित्र घ्यावं आणि कागद त्याच दिवशी परत करावा.