मासळी हवी, मच्छीमार नको

4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिनी, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. 26 ऑगस्ट 2024 रोजी तो पुतळा कोसळला. महाराष्ट्र पेटून उठला, मोर्चे निघाले, माफ्या मागितल्या गेल्या. ते योग्यच झाले. पण त्याच मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणारे मच्छीमार कित्येक वर्षे कानीकपाळी ओरडत आहेत, की पर्ससीनच्या प्रचंड जाळ्यांच्या आणि मासळी खेचणाऱ्या एलईडी दिव्यांच्या बोटी आमचा समुद्र खरवडून नेत आहेत. त्यांनी उपोषणे केली, भर समुद्रात बोटी अडवल्या, गुन्हे अंगावर घेतले. त्यांच्यासाठी पुण्यात किंवा नागपुरात कुणी रस्त्यावर उतरल्याचे मला आठवत नाही. ज्या राजाने आरमार उभारले त्याच्या पुतळ्यासाठी आपले रक्त तापते. ज्या कोळी, भंडारी, गाबितांच्या हातांनी ते आरमार चालले, त्यांच्या वंशजांची चूल विझली तरी ते थंडच राहते. भारताच्या जहाजांचे, गोद्यांचे आणि मासेमारीचे पुढे काय होणार, या प्रश्नाचे उत्तर सरकारी अहवालांच्या आधी इथे शोधावे लागेल.

समुद्राकडे आणि समुद्रावरच्या माणसांकडे पाठ फिरवण्याचा हा रोग जुना आहे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमन पातकांत घातले आणि पुढच्या धर्मशास्त्रकारांनी ते कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात निषिद्ध, ठरवले. 1888 साली मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला निघाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाणी जातीने त्यांना वाळीत टाकले. त्याआधी पाच वर्षे आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या, तर भरसभेत उभे राहून त्यांना आपल्या प्रवासाचे समर्थन करावे लागले. सावरकरांनी समाजाच्या पायातल्या सात स्वदेशी बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदी होती. या बंदीने कोळ्याला कधी अडवले नाही, कारण त्याला कुणी विचारतच नव्हते. अडले ते विद्या आणि पैसा हाती असलेले. ज्यांच्याकडे पोथी आणि तिजोरी होती ते किनाऱ्यावर राहिले, आणि जे लाटांवर होते त्यांच्यापर्यंत पोथीही पोहोचली नाही आणि तिजोरीही. वारा, भरती-ओहोटी, लाकूड, शीड यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान नाव हाकणाऱ्या तांडेलाच्या डोक्यात जन्मले आणि त्याच्या चितेबरोबर जळाले.

सत्ताधाऱ्यांनी तरी काय केले? फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. समुद्रातून इंग्रज आले होते आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. आपसातल्या भांडणासाठी मराठ्यांनी मराठ्यांचे आरमार परक्याच्या हाताने बुडवले. कान्होजी आंग्र्यांना जाऊन तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. त्याच विजयदुर्गाजवळ, गिर्ये गावी, वाघोटणच्या खाडीकाठी खडकात कोरलेली मराठ्यांची गोदी आजही आहे. किल्ला पाहून परतणाऱ्या सहलींपैकी किती तिथे वळतात?

आपल्याला जहाजे बांधता येत नव्हती, असे कुणी म्हणू नये. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानाची अशी जहाजे बांधली, की ब्रिटिश नौदलाने ती आपल्या ताफ्यात घेतली. 1817 साली इथे बांधलेले ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. सत्तेने हा उद्योग दाबला, हे खरे. पण पुढची गोष्ट फक्त सत्तेची नाही. 5 एप्रिल 1919 रोजी वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीची लॉयल्टी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. परकीय कंपन्यांनी भाडी पाडली, माल आम्हालाच दिलात तर वर्षाअखेर सूट देऊ असे आमिष दाखवले, आणि आपल्यातल्याच अनेक व्यापाऱ्यांनी चार पैशांसाठी स्वदेशी जहाजाकडे पाठ फिरवली. तरीही वालचंदांनी विशाखापट्टणमला गोदी उभी केली, आणि 14 मार्च 1948 रोजी जलउषा पाण्यात उतरली. स्वतंत्र देशाला जहाजबांधणीची याहून शुभ सुरुवात कोणती हवी होती?

त्यानंतर पाऊणशे वर्षे इंग्रजांना दोष देण्याची सोय नाही. आज जगातल्या जहाजबांधणीत आपला वाटा शेकडा एकही नाही. चीन, दक्षिण कोरिया आणि जपान यांनी ते क्षेत्र आपसात वाटून घेतले आहे, आणि त्यांतला कोरिया 1950 च्या दशकात युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश होता. आपला परदेश व्यापार वजनाने शेकडा 95 समुद्रमार्गे होतो, पण त्यातला फार थोडा भारतीय ध्वजाच्या जहाजांतून जातो. परकीय जहाज कंपन्यांना आपण वर्षाला सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडे मोजतो, असे पंतप्रधानांनीच सप्टेंबर 2025 मध्ये भावनगरला सांगितले. त्याच महिन्यात केंद्राने जहाजबांधणीसाठी 69,725 कोटींची योजना मंजूर केली. योजना चांगली आहे, उशिरा का होईना आली. कोचीच्या गोदीने विक्रांतसारखी विमानवाहू नौका बांधून दाखवली, तेव्हा कौशल्याचीही वाण नाही.

पण पैशाने गोदी उभी राहते, कारागीर उभा राहत नाही. तापलेल्या पोलादावर दिवसभर वाकून वेल्डिंग करणाऱ्या माणसाला आपण काय मान देतो? मुलाने गोदीत फिटर व्हायचे म्हटले, तर घरात सुतक पडल्यासारखे होते, आणि तोच मुलगा सिंगापूरला वातानुकूलित खोलीत बसून जहाजांचे हिशेब ठेवू लागला की पेढे वाटले जातात. हाताने काम करणाऱ्याला खालचा मानण्याची ही सवय जातिव्यवस्थेने लावली. शिक्षणाने ती मोडायची होती. उलट शिक्षणाने तिला पदवी दिली.

जो खलाशी होतो त्याचे हाल पाहा. जगाच्या जहाजांवर भारतीय नाविकांची संख्या मोठी आहे आणि त्याचा आपण अभिमान मिरवतो. मात्र मालकाने पगार थकवून परक्या बंदरात वाऱ्यावर सोडलेल्या नाविकांतही भारतीय फार आहेत. नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये घेऊन खोटी कागदपत्रे हाती देणारे दलाल गावोगाव फिरतात. डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि पाण्यावर न दिसणारी सीमा ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे सडतात. त्यांच्या बायका पालघरच्या कचेऱ्यांत खेटे घालतात. त्यांच्यासाठी दूरचित्रवाणीवर एक संध्याकाळ खर्ची पडत नाही.

आता मासेमारी. इथे आपला अपराध सर्वांत मोठा आहे, कारण इथे आपण गिऱ्हाईक आहोत. 2019 साली महाराष्ट्राच्या समुद्रातून सुमारे दोन लाख टन मासळी आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींत 45 वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळेही आली, हे खरे, पण वादळे सगळे सांगत नाहीत. 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर बंधने घातली, मोसम सप्टेंबर ते डिसेंबर एवढा ठरवून दिला. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली. राज्याचा कायदा आहे, 2021 मध्ये तो कडकही केला. तरी रात्री किनाऱ्यावर उभे राहा, क्षितिजावर झगमगाट दिसेल. हटकले तर उत्तर तयार असते: आम्ही बारा सागरी मैलांच्या पलीकडे होतो, तिथे राज्याचा कायदा लागू नाही. एकेका बोटीत ओतलेले भांडवल कुणाचे असते? बहुधा अशा माणसाचे, ज्याने पावसाळ्यातल्या खवळलेल्या खाडीत कधी वल्हे मारलेले नाही. तो निवडणुकीला पैसा पुरवतो. मग गस्तीची बोट बंद पडते, पंचनामा हरवतो, दंड वर्षानुवर्षे थकतो.

आणि बाजारात उभे असतो आपण. सातपाटीच्या पापलेटला सरकारने 2023 मध्ये राज्यमासा म्हणून गौरवले. त्याच वर्षी कोणता मासा किती लांबीचा झाल्याखेरीज पकडायचा नाही, याची यादीही निघाली. पण स्वस्त मिळते म्हणून तळहातापेक्षा लहान पापलेटांचा वाटा घेऊन घरी जाणारे सुशिक्षित पुरुष आणि बाया मुंबईत हजारोंनी आहेत. त्या पिल्लाने एकदाही अंडी घातलेली नसतात. आपण पुढच्या वर्षाची मासळी आजच्या ताटात वाढून घेतो आणि महाग झाली म्हणून कोळणीशी हुज्जत घालतो.

त्या कोळणीशी आपण वागतो तरी कसे? पहाटे ससून डॉकवर बर्फाच्या पाण्यात हात घालून ती माल निवडते, तिची बहीण किलोवर कोळंबी सोलते, आणि दुपारी आपण तिच्या टोपलीजवळून नाकाला पदर लावून जातो. वर्सोव्यात वलांडीवर बोंबील वाळत घातले तर शेजारच्या टॉवरमधून वासाची तक्रार होते. कोळीवाडा आधी होता, टॉवर नंतर आला, हे तक्रार लिहिणाऱ्याला ठाऊक असते. मांसाहारी माणसाला घर नाकारणाऱ्या सोसायट्या याच शहरात आहेत, आणि आपण मराठी म्हणवणारे त्यांच्या सभासदत्वासाठी रांग लावतो. कोळीनृत्य मात्र शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला हवे.

आता बंदरे पाहा. डहाणूजवळ वाढवणला होणाऱ्या बंदरावर 76,220 कोटी खर्च होणार आहेत. देशाला खोल पाण्याची बंदरे हवीत, हे मला मान्य आहे. जहाज व्यवसाय वाढवायचा तर ती बांधावीच लागतील. पण 1998 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने याच जागी बंदर नाकारले होते, आणि समुद्रात सुमारे 1,448 हेक्टर भराव टाकताना तिथल्या मच्छीमारांचे दुःख ऐकून घ्यायला उरलेल्या महाराष्ट्राकडे वेळ नव्हता. भरपाईचे आकडे कागदावर आले. ज्या तरुणाचे जाळे गेले त्याला त्या बंदरात क्रेन चालवायला शिकवून नोकरी मिळेल की तो दारात पहारेकरी होईल, हे आताच लेखी ठरले पाहिजे.

वाचकहो, मालकीचे प्रश्न मालकांवर आणि कायद्याचे प्रश्न सरकारवर सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. लहान पापलेट, लहान सुरमई विकत घेऊ नका, फुकट मिळाली तरी घेऊ नका. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात ताज्या मासळीचा आग्रह धरू नका. सोसायटीच्या सभेत कोळणीला बसायला जागा द्यायचा ठराव तुम्ही मांडा. मुलाला किंवा मुलीला गोदीत शिकायचे असेल तर अडवू नका. आणि मत मागायला जो दारात येईल त्याला विचारा: आपल्या किनाऱ्यावर गस्तीच्या बोटी किती, गेल्या वर्षी पकडलेल्या एलईडी बोटींचे काय झाले, कराचीच्या तुरुंगातल्या आपल्या माणसांसाठी तुम्ही काय केले? उत्तर मिळाल्याशिवाय त्याला मत देऊ नका.