शाळेची परसबाग आणि पेरणीची तारीख

दिवाळीची सुटी आटोपून यवतमाळ जिल्ह्यातील शाळा उघडतात, तेव्हा शेतांत कापसाची वेचणी चालू असते आणि शाळेच्या आवारात मेथी-पालकाचे वाफे पाडण्याची वेळ झालेली असते. डिसेंबर-जानेवारीत या बागा हिरव्यागार दिसतात. पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. मार्चच्या मध्यास मात्र त्याच जागी भेगाळलेली काळी जमीन आणि वाळलेली वांग्याची झाडे उरतात. याचा दोष वैदर्भीय उन्हास देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो दोष बहुतांशी पेरणीच्या तारखेचा असतो.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे दररोज ५० ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गात ७५ ग्रॅम भाजीपाला असावा, असे प्रमाण ठरलेले आहे. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेस याप्रमाणे रोज तीन किलो भाजी लागते. चार-सहा वाफ्यांतून रोज एवढी भाजी निघणार नाही, हे उघड आहे आणि तशी अपेक्षा ठेवणेही योग्य नव्हे. परंतु आठवड्यातून दोन दिवस ताजी पालेभाजी खिचडीत अथवा वरणात पडावी, एवढे या वाफ्यांना निश्चित साधते. त्यासाठी सर्व वाफे एकाच दिवशी पेरण्याचा मोह टाळावा लागतो. सर्व मेथी एकदम तयार झाली की निम्मी फुलावर जाते आणि पुढचे तीन आठवडे बाग रिकामी राहते. दर आठ दिवसांनी एकच वाफा पेरावा. मेथी सुमारे महिन्याभरात काढणीस येते, पालकाच्या दोन-तीन कापण्या मिळतात. सांभार व मुळा कडेच्या वरंब्यावर घ्यावेत.

हिवाळ्यात बागेचे नुकसान होते ते पाण्याच्या अभावाने नव्हे, तर पुष्कळदा मुलांच्या उत्साहाने. भारी काळ्या जमिनीत ओल दीर्घकाळ टिकते. रोज तांब्या-तांब्याने पाणी शिंपडल्यास ओल वरच्या थरातच राहते, मुळे खोल जात नाहीत आणि कोवळी रोपे बुडाशी कुजून मरतात. रोपांनी मूळ धरल्यावर बोटभर माती उकरून पाहावी, आणि कोरडी लागली तरच पाणी द्यावे. ही परीक्षा मुलांच्या हातून करविणे हाच तेथील शेतीचा पहिला पाठ होय. १९३७ साली शेजारच्या वर्ध्यात नयी तालीमची कल्पना मांडली गेली, तीत हातांनी करावयाचे काम हे शिक्षणाचे साधन मानले होते. उशिरा आलेल्या मुलास शिक्षा म्हणून बागेत पाठविणे, किंवा पाणी आणण्याचे काम केवळ मुलींकडे सोपविणे, हे त्या कल्पनेच्या नेमके उलट आहे.

उन्हाळी भाजीचा हिशेब मागून पुढे नव्हे, तर पुढून मागे करावा. एप्रिलअखेर शाळेस सुटी लागते आणि उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यास शाळा भरत असल्या, तरी विदर्भात त्या जूनच्या अखेरीसच उघडतात. भेंडीस पहिले फळ येण्यास सुमारे ४५ ते ५० दिवस लागतात. मार्चमध्ये लावलेली भेंडी मुले गावी गेल्यावर फळते; ती कोणाच्याही ताटात जात नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात थंडी उतरू लागताच बी रात्रभर भिजवून लावल्यास मार्चचा उत्तरार्ध व सबंध एप्रिल तोडणी मिळते. गवार आणि चवळीस हाच नियम लागू आहे. पाण्याची सोय नसलेल्या शाळेने वेलवर्गीय भाज्यांच्या नादी न लागलेले बरे.

या लावणीपूर्वी वाफ्यांवर सोयाबीनच्या कुटाराचे आच्छादन तयार ठेवावे. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी चर काढून बागेत वळवावे. साबणाचे पाणी वगळावे. कुंपणास पऱ्हाटी वापरण्याची पद्धत मात्र सोडून दिली पाहिजे. न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि शाळेचे कुंपण शेजारच्या शेताला पुढील हंगामात उपद्रव देते. बोरी-बाभळीचे काटे पुरेसे आहेत.

एका गोष्टीत तडजोड नसावी. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व मजूर दगावले. अनेक घरांनी तो आघात सोसला आहे. तरीही औषधाचा रिकामा डबा धुऊन पाणी घालण्यास घेण्याची सवय गावोगाव आढळते. असा डबा कितीही धुतला तरी शाळेच्या फाटकाच्या आत येता कामा नये. मावा दिसल्यास निंबोळीचा अर्क वापरावा, फार झाल्यास ते झाड उपटून टाकावे. मुलांच्या भाजीवर विषारी औषध मारून वाफा वाचविण्यापेक्षा वाफा गेलेला परवडतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने शाळेत जाताच नवा फलक पाहण्याऐवजी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना विचारावे, की या आठवड्यात बागेतून किती भाजी चुलीपर्यंत आली. बहुधा पेरणीचे ज्ञानही शिक्षकांपेक्षा त्यांनाच अधिक असते. त्यांचा सल्ला घेण्यात कमीपणा कसला?

मे महिन्यात वाफे हिरवे ठेवण्याचा हट्ट धरू नये. शेवटची तोडणी झाल्यावर जमीन खणून उन्हात तापू द्यावी; किडींचे कोष त्याने मरतात. पानगळीतला साग, पळस व कडुनिंबाचा पाला खड्ड्यात शेणकाल्यासह भरून ठेवल्यास पावसाळ्यात खत हाती येते. सुटीत पाणी हवे ते केवळ मुंगना, गोडलिंब आणि पपईच्या चार झाडांना. प्रत्येकाच्या बुडाशी तळास बारीक छिद्र पाडलेले मडके पुरावे, आणि ते आठवड्यातून दोनदा भरण्याची जबाबदारी शाळेलगत राहणाऱ्या एखाद्या पालकाकडे, नाव लिहून, सुटीपूर्वीच्या सभेत सोपवावी.