अडसर पोह्यांचा नव्हता

जुनं सोडलं की स्थलांतरित नव्या समाजात आपोआप मिसळतात, हा समज मूळच्या कोकणातल्या आणि इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंच्या बाबतीत टिकत नाही. 1948 नंतर डिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत वसलेल्या या लोकांनी हिब्रू आत्मसात केली, सैन्यातही सेवा केली. तरी तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका काढली. आंदोलन पेटलं आणि 1964 मध्ये धर्मपीठाला ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य करावं लागलं. धर्म एकच असूनही ही गत! अडसर यजमानांच्या संशयाचा होता.

जुनं सगळंच काही सुटलं नाही. प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावाने ओलं खोबरं घातलेले गोड पोहे, भोवती फळं, असा मलिदा तिथे शुभकार्याला आजही होतो. नातवंडांना मराठी येत नाही, मग उरलं काय, असं कोणी विचारेल. भाषेची गळती खरी आहे आणि मलिद्याने ती भरून निघत नाही. पण ती झाली शाळा, सैन्य आणि बाजाराच्या रेट्याने. मलिदा केल्यामुळे कुणाची हिब्रू कच्ची राहिली, असं मात्र दिसत नाही.