फरदडीचा निर्णय ग्रामसभेत व्हावा

गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीचं विष पचवायला शिकली, हे २०१७ साली विदर्भाने भोगलं. तरी ओलिताची सोय असलेले कितीतरी कास्तकार डिसेंबरनंतरही फरदड ठेवतातच. म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत खानावळ! फरदडीचे चार पैसे लग्नसराईत कामी येतात, हे खरं. पण पतंग काही धुरा पाहून उडत नाही. एकाने पऱ्हाटी उपटली अन् शेजाऱ्याने ठेवली, तर पुढच्या हंगामात दोघांचीही बोंडं किडतात. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा, पऱ्हाटी काढायची तारीख ठरवावी.

सगळा बोजा कास्तकारावरच नको. साठवलेल्या कापसातूनही पतंग निघतात. तेव्हा हिंगणघाट, देवळीकडच्या जिनिंगवाल्यांनी आवारात कामगंध सापळे लावलेच पाहिजेत. शेतात एकरी दोन सापळे पुरेत. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले, तरच फवारणीचा विचार करा.