बुकमार्कचा पसारा चॅटबॉटला देताय? आधी हे वाचा

मागच्या महिन्यात एका रविवारी मी क्रोममधले सगळे बुकमार्क एका फाइलमध्ये काढले आणि ती फाइल एका चॅटबॉटला देऊन टाकली. ११६४ लिंक, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून साठलेल्या. "यांचे नीट फोल्डर करून दे" एवढंच सांगितलं. उत्तर लगेच यायला लागलं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं: या यादीवरून तुम्ही घरातल्या किडनीच्या पेशंटची काळजी घेत आहात आणि नोकरी बदलायच्या विचारात आहात असं दिसतं, फोल्डर त्यानुसार केले आहेत.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी त्याला त्यातली एकही सांगितली नव्हती.

हा उद्योग सध्या खूप जण करतायत, आणि त्याला कारण आहे. २०२५ मध्ये आपल्याकडे महागडे एआय प्लॅन अक्षरशः वाटले गेले. जुलैमध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट दिलं. ऑक्टोबरच्या शेवटी जिओने १८ महिन्यांसाठी जेमिनी प्रो जाहीर केलं, सुरुवात १८ ते २५ वयाच्या पोरांपासून. ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो सुद्धा भारतात एक वर्ष मोफत. त्याच वर्षी ८ जुलैला मोझिलाने पॉकेट बंद केलं, म्हणजे 'नंतर वाचू' म्हणून तिथे ठेवलेल्या लिंकची फाइल घेऊन लोक नवीन घर शोधू लागले. एका हातात पसारा, दुसऱ्या हातात फुकटचा नोकर. मग काय, लावा कामाला!

पण या कामात तो नोकर नेमकं काय करतो, ते बघू.

ब्राउझरमधून बुकमार्क एक्स्पोर्ट केले की एक एचटीएमएल फाइल मिळते. हिचा साचा नेटस्केपच्या जमान्यातला आहे. पहिल्याच ओळीत आजही नेटस्केपचं नाव असतं. प्रत्येक लिंकपाशी पत्ता, शीर्षक आणि ती कधी सेव्ह केली याचा आकडा असतो. हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. माझी सगळ्यात जुनी लिंक १४६९ ने सुरू होते, म्हणजे जुलै २०१६. शिवाय क्रोम प्रत्येक साइटचं छोटं चित्र अक्षरांच्या लांबलचक माळेत बदलून त्याच ओळीत कोंबतं. फाइलचा बराचसा भाग हा असला भुसा असतो. तो काढला नाही, तर चॅटबॉटची वाचायची मर्यादा भुशातच संपते आणि यादीचा शेवट त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण फोल्डर लावतो तेव्हा लिंक उचलून दुसरीकडे ठेवतो. भाषेचं मॉडेल उचलत नाही, ते पुन्हा लिहितं. पुढचा तुकडा काय असेल याचा अंदाज करत करत अख्खा पत्ता नव्याने टाइप करतं. साधा पत्ता असेल तर बरोबर येतो. पण यूट्यूबच्या व्हिडिओचा आयडी ११ अक्षरांचा असतो, त्यात काही अर्थ नसतो, आणि एक अक्षर हुकलं की व्हिडिओ गेला. माझ्याकडे परत आलेल्या फाइलमध्ये ९३८ लिंक होत्या. २२६ गायब, आणि त्याबद्दल एक शब्द नाही. उलट खाली ऐटीत लिहिलं होतं की सर्व लिंक व्यवस्थित लावल्या आहेत. उरलेल्यांपैकी काहींचे पत्ते हुबेहूब खऱ्यासारखे दिसत होते, उघडल्यावर मात्र पान सापडत नव्हतं. मूळ फाइल ठेवली नसती तर माझी वाट लागली असती.

काही चॅटबॉट फाइल मिळाल्यावर मागच्या मागे पायथनचा कोड चालवतात. तेव्हा लिंक शाबूत राहतात, कारण काम कोड करतो. पण त्याने कुठला रस्ता घेतला हे वरून कळत नाही. म्हणून परत आलेल्या लिंक मोजायच्याच.

आणखी एक गैरसमज. नुसती यादी दिली तर तो एकेक पान उघडून बघत नाही, शीर्षक आणि पत्त्यावरून ठरवतो. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दाखवलं होतं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. चॅटबॉट असल्या मेलेल्या लिंकसुद्धा छान नाव दिलेल्या फोल्डरमध्ये लावून ठेवतो. कॉलेजातल्या प्लेसमेंटच्या लिंक माझ्याकडे आता 'करिअर' मध्ये आहेत. अर्ध्याहून जास्त बंद आहेत.

आता त्या किडनीच्या वाक्याकडे येतो. बाबांचं डायलिसिस सुरू होतं त्या दोन वर्षांत मी रात्री-बेरात्री जे सापडेल ते सेव्ह करत होतो. क्रिएटिनिन म्हणजे काय, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, पर्सनल लोनचे व्याजदर. त्याच यादीत एक गूगल शीट होतं. ताईने केलेलं. कुणाकडून किती घेतले आणि कुणाला किती परत केले याचा हिशोब, नावांसकट. घाईत 'लिंक असेल त्या कुणालाही दिसेल' असं ठेवलेलं. अशा शीटला पासवर्ड नसतो, लिंक हीच किल्ली. आणि ती किल्ली मी ११६३ इतर लिंकच्या जुडग्यात अडकवून दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवून आलो होतो. चॅटबॉट ते शीट उघडून वाचेल असं मी म्हणत नाही. पण दिवसभर ऑफिसात लोकांना 'टोकन चॅटवर पाठवू नका' म्हणून ओरडणारा मी, घरच्या बाबतीत एवढाही विचार केला नाही.

सर्च हिस्ट्रीबद्दल आपण जरा तरी सावध असतो. बुकमार्क मात्र निरुपद्रवी वाटतात. खरं तर उलट आहे: हिस्ट्रीत फालतू क्लिक असतात, बुकमार्कमध्ये आपल्याला खरंच लागलेल्या गोष्टी, तारखेसकट. आजार, कर्ज, घरी न सांगितलेल्या नोकरीचे अर्ज. 'नंतर चॅट डिलीट करू' यावरही फार विसंबू नका. न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात अमेरिकेतल्या कोर्टाने मे २०२५ मध्ये ओपनएआयला डिलीट केलेले चॅटही जपून ठेवायला लावले होते. तो आदेश सप्टेंबरमध्ये संपला, पण आपलं डिलीटचं बटण कंपनीच्याही हातात पूर्णपणे नसतं हे त्यातून दिसलं.

मग चॅटबॉट वापरायचाच नाही का? मी वापरला, पण दुसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीने. त्याला फाइल दिली नाही, फाइलचा नमुना दिला: त्याच साच्यातल्या चार खोट्या ओळी. म्हटलं, अशा फाइलमधली चित्रं काढणारा, दोनदा आलेल्या लिंक गाळणारा आणि साइटच्या नावावरून फोल्डर करणारा पायथनचा कोड दे. यूट्यूब एकीकडे, गिटहब एकीकडे, पत्त्यात gov.in असलेल्या सरकारी साइट एकीकडे. कोड माझ्या लॅपटॉपवर चालला, लिंक कुठेही गेल्या नाहीत, एकही अक्षर बदललं नाही. निम्म्याहून जास्त पसारा इथेच आवरला. उरलेल्यांची फक्त शीर्षकं, नंबर घालून, त्याला दिली आणि नंबरसमोर फोल्डरचं नाव मागितलं. त्याआधी आजार, पैसे आणि नोकरीच्या ओळी हाताने काढल्या. हे काम तो फार छान करतो, हे मान्य करावंच लागेल.

लॅपटॉप नसेल तर गूगल टेकआउटमधून क्रोमचे बुकमार्क फोनवरही मिळतात, सिंक चालू असेल तर. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा, सगळं सिलेक्ट करून नोट्स अ‍ॅपमध्ये साधा मजकूर म्हणून पेस्ट करा. पत्ते गळतात, शीर्षकं राहतात. नको त्या ओळी उडवा आणि चॅटबॉटला फक्त विचारा की यासाठी सात-आठ फोल्डर कोणते करू. लिंक हलवायच्या हातानेच. कंटाळवाणं आहे, पण हलवता हलवता निम्म्या डिलीट होतात. आणि चॅटजीपीटी वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्समध्ये जाऊन मॉडेल सुधारण्यासाठी चॅट वापरायची परवानगी आधी बंद करा.

एक धोक्याची सूचना. आवरलेली फाइल क्रोममध्ये इम्पोर्ट केली की ती जुन्यांच्या जागी बसत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये येते. म्हणजे सगळं डबल. जुने उडवावे लागतात, आणि सिंक चालू असेल तर ते फोनवरूनही उडतात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर असल्याशिवाय हे करू नका.

माझ्याकडे आता ४१२ लिंक आहेत. त्या शीटची परवानगी मी त्याच रविवारी रात्री बदलली. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, "अरे, ते हिशोबाचं उघडत नाहीये." ती ते अजून बघते, हे मला माहीत नव्हतं. तिचा ईमेल त्यात टाकला. आता ते फक्त आम्हा दोघांना दिसतं.